काशी: मणिकर्णिकेच्या उत्तरेचे घाट पायी कसे बघावेत?

सांजवात
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काशी. हाताशी अडीच दिवस. विश्वनाथ, अन्नपूर्णा, काळभैरव, एक संध्याकाळ गंगा आरती आणि अर्धा दिवस सारनाथ हे ठरलेलं आहे. उरलेला वेळ मराठी मंडळींनी बांधलेल्या घाटांना द्यायचा आहे. नकाशावर शिंदे, भोसले, जटार अशी नावं बहुतेक मणिकर्णिकेच्या उत्तरेला दिसतात, आणि सहलींचे कार्यक्रम मात्र दशाश्वमेधलाच संपतात.

तीन प्रश्न आहेत. चालायला सुरुवात कुठून करावी? मणिकर्णिकेवरून जाताना काय पथ्य पाळावं? आणि गुडघेदुखी असलेल्या सत्तरीच्या माणसाला यातलं काय जमेल?

चिरेबंदी
सुरुवात उत्तरेकडून करा. राजघाटापासून दक्षिणेला मणिकर्णिकेकडे या. याला तीन कारणं आहेत.

पहिलं ऊन. काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे, पण मणिकर्णिकेच्या पुढे ती ईशान्येकडे वळते. त्यामुळे तिथल्या इमारतींची तोंडं आग्नेयेला आहेत, आणि डिसेंबरात सूर्यही आग्नेयेलाच उगवतो. सकाळी सात ते नऊ या वेळात भिंतींवर ऊन थेट पडतं. दक्षिणेकडे चालताना नदी डाव्या हाताला राहते आणि उजळलेल्या इमारती उजव्या हाताला.

दुसरं, परंपरेचा क्रमही तोच आहे. काशीच्या पंचतीर्थीत अस्सी, दशाश्वमेध, मग एकदम उत्तर टोकाचं आदिकेशव, तिथून मागे पंचगंगा आणि शेवटी मणिकर्णिका. जुने यात्रेकरू प्रवाहासोबत नावेने खाली जायचे आणि काठाने वर यायचे. वल्ह्याची नाव प्रवाहाबरोबर सुखात जाते, उलट येताना नावाड्याला काठाला चिकटून यावं लागतं आणि वेळ बराच जास्त लागतो. म्हणून नाव फक्त जाण्यासाठी करा.

तिसरं कारण सोयीचं. चालणं संपतं तिथे वस्ती, खाणं आणि रिक्षा आहेत. उलट दिशेने गेलात तर दमलेले असताना राजघाटाच्या मोकळ्या भागात पोचाल.

राजघाट ते मणिकर्णिका अंतर तीन किलोमीटरच्या आतबाहेर. नुसतं चालायला तास लागेल, बघत यायचं असेल तर तीन तास धरा.

रस्त्याने जायचं असेल तर मैदागिन चौकातून ई-रिक्षाने राजघाट किंवा नमो घाट गाठा. नमो घाट म्हणजे जुना खिडकिया घाट, मालवीय पुलाजवळ, काशी स्टेशनपासून पायी अंतरावर. पूल १८८७चा आहे, वर रस्ता आणि खाली रेल्वे. आदिकेशव त्याच्याही पुढे, वरुणा गंगेला मिळते तिथे. तिथली वाट शांत आहे आणि माणसंही कमी. गाहडवाल राजांच्या ताम्रपटांत आदिकेशवाच्या स्नानाचे उल्लेख आहेत, म्हणजे बाराव्या शतकात नगराचं मोठं तीर्थ हे होतं. राजघाटाच्या पठारावर उत्खननात सापडलेली वस्ती इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या आसपास जाते. काशी इथून दक्षिणेला वाढत गेली. हे डोक्यात ठेवून चाललात तर घाटांचा क्रम आपोआप समजत जातो.

नावाडी_नाही_मी
चिरेबंदींशी सहमत, एक भर घालतो. राजघाट ते गायघाट हा टप्पा सलग फरसबंद मिळेल असं समजू नका. प्रह्लाद घाट, तेलियानाला, त्रिलोचन या भागात काही ठिकाणी मातीची वाट आहे, कपडे वाळत घातलेले असतात, म्हशी बसलेल्या असतात. चपलांऐवजी मागे पट्टा असलेल्या सँडल घाला.

पावसाळ्याचं पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळाचा थर राहतो. ऑक्टोबरात तो पंप लावून धुतात, पण आधी वर्दळीच्या घाटांवर. उत्तरेकडे खालच्या पायऱ्यांवर तो जास्त दिवस टिकतो. वरून वाळलेला दिसतो आणि पाय ठेवला की आतून निसटतो. पाण्याजवळच्या शेवटच्या चार-पाच पायऱ्या टाळा, मधल्या चबुतऱ्यांवरून चला.

वेळ कमी असेल तर गायघाटापासून सुरू करा. पाषाणाचा मोठा नंदी आहे तोच गायघाट, चुकणार नाही.

ओवी
मराठी घाटांची दाट ओळ गायघाटानंतर लागते, म्हणून तिथून पुढे वेग कमी करा.

आधी ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट. अठराव्या शतकात पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर (कायगावकर) काशीत येऊन राहिले, हे घाट त्यांच्या खटपटीने बांधले गेले. दुर्गाघाटाच्या पायऱ्या उंच आणि सरळ चढणाऱ्या आहेत. मध्ये अष्टकोनी बुरूज पुढे आलेले दिसतात, त्यांना तिथे ‘मढ़ी’ म्हणतात. दिसायला सुंदर आहेतच, पण खरं काम पुराच्या लोंढ्याचा जोर फोडायचं. वर गल्लीत ब्रह्मचारिणी दुर्गेचं मंदिर आहे, नवरात्रात दुसऱ्या दिवशी तिथे रांगा लागतात. या गल्ल्यांत जुनी मराठी वस्ती आहे, दारावरच्या पाट्या वाचत जा.

मग पंचगंगा. माझ्या मते सगळ्या काशीत एकच घाट नीट बघायचा असेल तर हा. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा संगम इथे मानतात, डोळ्यांना अर्थातच एकच दिसते. इथे पाच गोष्टी थांबून बघा:

पाण्यालगत घाटाच्या पोटात कोनाड्यांसारख्या खोल्या आहेत, नदीकडे उघड्या. आत शिवलिंगं आहेत. पावसाळ्यात त्या पूर्ण पाण्याखाली असतात, डिसेंबरात बहुतेक मोकळ्या.

दगडी दीपमाळ, अहिल्याबाईंनी दिलेली. ‘हजारा’ म्हणतात. कार्तिक पौर्णिमेला, देवदिवाळीला, ती पेटते. आज सगळ्या घाटांवर होणाऱ्या देवदिवाळीचं मूळ याच घाटावर आहे.

बांबूच्या टोकाला टोपलीत लावलेले आकाशदीप. हे फक्त कार्तिकात. तुमच्या तारखांना मिळायचे नाहीत, रिकामे बांबू कदाचित दिसतील.

वर आलमगीर मशीद. विष्णूच्या जुन्या बिंदुमाधव मंदिराच्या जागी औरंगजेबाच्या काळात उभी राहिली. मंदिर पडण्याआधी फ्रेंच प्रवासी टॅव्हर्निए याने ते पाहून वर्णन लिहून ठेवलं आहे, म्हणून त्याचा आकार आपल्याला थोडाफार कळतो. मशिदीला ‘माधवराव का धरहरा’ हे नाव पडलं ते मनोऱ्यांमुळे, धरहरा म्हणजे मनोरा. जुन्या चित्रांत दिसणारे ते मनोरे आता नाहीत: १९४८मध्ये एक कोसळला, दुसरा धोका नको म्हणून उतरवला. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. नमाजाच्या वेळा सोडून जा.

आणि आताचं बिंदुमाधव मंदिर, मशिदीला लागूनच एका घरवजा इमारतीत. औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. शिखर नाही, त्यामुळे लोक दारावरून पुढे निघून जातात. पायऱ्या चढून वर आलात की विचारा. खिडकीतून दिसणारी गंगा चुकवू नका.

शेजारीच कबीरांचे गुरू मानल्या जाणाऱ्या रामानंदांचा श्रीमठ आणि तैलंगस्वामींचा मठ आहे. एवढ्याशा जागेत वैष्णव, शैव, कबीरपंथी आणि मुस्लिम अशा चार वाटा एकत्र येतात, त्यामुळे इथे तास सहज जातो.

चिरेबंदी
ओवी, छान. पुढचं पुरं करतो.

पंचगंगेनंतर बालाजी घाट. वरच्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षं रियाज करत. शेजारी मंगळागौरीचं मंदिर आहे. मग जटार घाट, ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे दिवाण बाळाजी चिमणाजी जटार यांचा. रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे, सकाळी वेदपठण कानावर येतं. उंबऱ्याबाहेर उभं राहून ऐका, आत डोकावून फोटो नको. गणेश घाटावरचं गणपती मंदिर अमृतराव पेशव्यांचं. दक्षिणेकडचा राजा घाटही त्यांच्याच नावाशी जोडलेला आहे.

भोसले घाट नागपूरकरांचा. याची भिंत खालून बघा. तळाचा बराच भाग खिडक्यांविना, सपाट, भरीव दगडाचा, आणि छोट्या खिडक्या अगदी वर. दर पावसाळ्यात नदी जिथवर चढते तिथवर घर ठेवायचंच नाही असा हिशेब आहे. काशीतल्या सगळ्या जुन्या वाड्यांना तो लागू पडतो, इथे तो सर्वात स्पष्ट दिसतो. वर लक्ष्मीनारायणाचं मंदिर आहे.

शिंदे घाट, तिथल्या पाटीवर ‘सिंधिया’. बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास बांधायला घेतला. बांधकाम इतकं वजनदार होतं की पायाखालची माती दबली आणि घाट खचला. खचलेले अवशेष पाणी उतरल्यावर दिसतात. याच बायजाबाईंनी १८२८मध्ये ज्ञानवापीच्या विहिरीवर खांबांचा मंडप घातला.

खचण्याचं कारण सगळ्या काठाला सारखंच आहे. घाट खडकावर नाहीत, नदीने आणलेल्या मातीच्या उंच काठावर आहेत. पाणी चढलं की माती भिजते, उतरलं की आतलं पाणी बाहेर येताना माती सोबत नेतं. पाया पुरेसा खोल नसला की वरचा दगड बसतो.

दगडफूल
शिंदे घाटाला लागून कलतं मंदिर आहे त्याबद्दल एक सुधारणा, कारण नावाडी हमखास चुकीचं सांगतात. ते रत्नेश्वर महादेव. त्याला ‘काशी करवट’ म्हणतात ते चुकीचं, काशी करवट हे विश्वनाथ गल्लीच्या परिसरातलं वेगळं स्थान. रत्नेश्वर मागच्या बाजूला, वायव्येला, सुमारे नऊ अंश कललेलं आहे. आईच्या शापाची गोष्ट सांगतात ती गोष्ट म्हणून ऐका. इतर मंदिरं उंचावर आहेत आणि हे एकटं पाण्याच्या पातळीवर बांधलं, त्यामुळे वर्षाचा बराच काळ गाभारा पाण्यात आणि गाळात असतो. हिवाळ्यातही आत जाता येईलच असं नाही. कल नीट दिसण्यासाठी समोरून नव्हे, शिंदे घाटाच्या वरच्या चबुतऱ्यावरून बाजूने बघा.

सांजवात
हे सगळं उतरवून घेते आहे. मणिकर्णिकेचं सांगा.

नावाडी_नाही_मी
मणिकर्णिका ही चालती स्मशानभूमी आहे, रात्रंदिवस. म्हणून:

फोटो आणि चित्रीकरण अजिबात नाही. मोबाइल खिशात, नुसता हातातही नको. नावेतूनही नाही.

‘वरून चांगलं दिसतं’ म्हणत कोणी इमारतीच्या गच्चीवर किंवा सज्जात नेऊ लागला तर जाऊ नका. वर गेल्यावर गरिबांच्या लाकडांसाठी दान म्हणून किलोच्या हिशेबाने पैसे मागतात आणि उतरताना अडवतात. दान करायचंच असेल तर आपल्या तीर्थोपाध्यायांमार्फत करा.

चितांच्या मधून वाट काढायची नाही. प्रेतयात्रा गल्लीतून येते तेव्हा भिंतीला टेकून उभं राहा, ती जाऊ द्या. लाकडं भरलेल्या हातगाड्या उतारावर थांबू शकत नाहीत, त्यांनाही वाट द्या.

घाटावर बांधकाम चालू असेल किंवा पाणी चढलेलं असेल तर काठाची वाट बंद होते. तेव्हा शिंदे घाटावरून वर संकठा मंदिराकडे चढा, गढवासी टोला या गल्लीतून ‘चौक’ नावाच्या भागात निघा आणि तिथून दशाश्वमेधकडे या. ही वाट एरवीही चांगली आहे, ज्यांना चिता बघवत नाहीत त्यांनी हीच धरावी.

घाटावरचं चक्रपुष्करिणी कुंड हे मूळ तीर्थ, दहनाच्या जागेपासून थोडं बाजूला. धुराकडे बघताना लोक ते विसरतात.

ओवी
मणिकर्णिकेचं नाव निघालं आहे तर आपल्यासाठी महत्त्वाचं: नाथांनी एकनाथी भागवत पैठणला सुरू केलं, पहिले पाच अध्याय तिथे झाले आणि पुढचं काशीत. १५७३च्या कार्तिक पौर्णिमेला ते इथे पूर्ण झालं. पैठणचंच आणखी एक घराणं त्या काळात काशीत होतं, भट्टांचं. रामेश्वरभट्ट पैठणहून आले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी प्रयाग, काशी, गया या तीन क्षेत्रांच्या विधींवर ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला, आणि सोळाव्या शतकात विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं राहिलं त्यात त्यांचा पुढाकार होता. याच कुळातले गागाभट्ट १६७४ला रायगडावर आले. म्हणजे पेशवे आणि होळकरांच्या दोनशे वर्षं आधीपासून पैठण ते काशी ही वाट वाहती होती. घाट त्यानंतर आले.

गोमटेश
गुडघ्यांचा प्रश्न राहिला. स्पष्ट सांगतो: पंचगंगा, दुर्गाघाट, रामघाट या पायऱ्या तुमच्या सत्तरीच्या माणसाला चढायला लावू नका. पायरी उंच आहे, कठडा बहुतेक ठिकाणी नाही, आणि एकदा खाली उतरलात की वर यायला दुसरा मार्ग नाही. त्यांच्यासाठी असं करा:

घाट नावेतून दाखवा. नमो घाटावर गाडी जवळ जाते आणि उतारही आहेत, तिथून नावेत बसवणं सोपं. दक्षिणेला अस्सी घाट त्यातल्या त्यात सोयीचा. दशाश्वमेधला गोदौलिया चौकातून रस्ता सपाट आहे, पण पाण्यापर्यंत पायऱ्या आहेतच, आणि संध्याकाळी गर्दीत तिथे नावेत चढवणं अवघड जातं.

नाव ठरवताना चार गोष्टी आधी बोलून घ्या: दर माणशी की संपूर्ण नावेचा, किती वेळ, कुठून कुठपर्यंत, आणि परतीचं धरून की नाही. मोटरबोट प्रवाहाविरुद्ध लवकर येते, पण इंजिनाच्या आवाजात बोलता येत नाही. वल्ह्याची नाव सकाळी घ्या. लाइफ जॅकेट अंगावर घाला, मांडीवर ठेवू नका.

ज्येष्ठांना बिंदुमाधव हवंच असेल तर वरून गल्लीने न्या: मैदागिनपर्यंत रिक्षा, काळभैरव, तिथून चौखंबा भागातून पंचगंगेच्या वरच्या अंगाला. काळभैरव ते बिंदुमाधव अंदाजे अर्धा किलोमीटर, गल्ली अरुंद पण बरीचशी सपाट. काळभैरव तुमच्या यादीत आहेच, दोन्ही एकाच फेरीत होतात. मंदिरात शिरायला पायऱ्या आहेत, हात धरायला माणूस ठेवा.

धुकट
तारखांबद्दल. डिसेंबरचा दुसरा आठवडा चांगला निवडलात. महिन्याच्या शेवटी आणि जानेवारीत दाट धुकं धरतं, कधीकधी नऊ-दहापर्यंत समोरचा काठ दिसत नाही, नावा थांबवतात आणि उत्तरेकडच्या गाड्या कित्येक तास उशिरा येतात. परतीची गाडी आणि पुढचं विमान एकाच दिवशी धरू नका.

काशीतला सूर्योदय मुंबईच्या आधी होतो. डिसेंबरात साडेसहाच्या सुमारास, जूनमध्ये पाचच्या थोडं पुढे. मुंबईच्या सवयीने गजर लावलात तर कोवळं ऊन हुकेल.

हा धागा पुढे कोणी पावसाळ्यात वाचेल म्हणून: जुलै ते सप्टेंबर हा सगळा बेत रद्द समजा. पाणी चढलं की एका घाटावरून दुसऱ्यावर जाता येत नाही, नावा बंद होतात, दशाश्वमेधची आरती वर सरकते. राजघाटाच्या मोजपट्टीवर धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे, इशाऱ्याची त्याच्या बरोबर एक मीटर खाली. १९७८मध्ये पाणी ७३.९०१पर्यंत गेलं होतं. केंद्रीय जल आयोगाचे आकडे रोज येतात, निघण्यापूर्वी बघा. पण धोक्याच्या पातळीच्या कितीतरी खाली असतानाच घाटांची सलग वाट तुटते, त्यामुळे ‘अजून इशारा नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका.

मे महिन्यात जाणाऱ्यांनी उलटं करावं. घाट पूर्वाभिमुख आहेत, दुपारनंतर इमारतींची सावली पायऱ्यांवर येते. चारनंतर चाला.

गाडीचं तिकीट काढताना स्टेशन बघा. मुंबईची महानगरी वाराणसी जंक्शनला जाते, पुण्याची ज्ञानगंगा बनारसला, म्हणजे जुन्या मंडुआडीहला.

दगडफूल
खाण्याचं एका ओळीत: पंचगंगेवरून वर चौखंब्यातून ठठेरी बाजारात शिरा. सकाळी कचोरी-भाजी आणि जिलबी, आणि डिसेंबर असल्यामुळे मलइयो. आटवलेलं दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवून पहाटे घुसळतात, वर येणारा केशरी फेस मातीच्या भांड्यात देतात. थंडी नसेल तर होत नाही आणि ऊन चढलं की बसतो, म्हणून दहाच्या आत.

सांजवात
शेवटचा प्रश्न. मणिकर्णिकेहून तसंच विश्वनाथाला गेलं तर?

चिरेबंदी
क्रम तोच आहे, मणिकर्णिकेनंतर विश्वनाथ. ललिता घाटाच्या बाजूने गंगाद्वारातून वर जाता येतं. ही वाट १३ डिसेंबर २०२१ला मंदिराभोवतीचा नवा परिसर, विश्वनाथ धाम, खुला झाला तेव्हापासूनची. मात्र मोबाइल, कॅमेरा, स्मार्ट घड्याळ, पेन आत चालत नाही. लॉकरमध्ये ठेवायला आणि परत घ्यायला त्याच जागी यावं लागतं, म्हणून ज्या दारातून शिराल त्याच दारातून बाहेर पडायचं हे आधी ठरवा. नाहीतर सामान एका दाराशी आणि तुम्ही गोदौलियात. फोटोंचं काम भोसले घाटापर्यंत उरका आणि फोन मुक्कामी ठेवायची सोय असेल तर तीच करा.

साडेअकराच्या सुमारास पोचू नका, त्या वेळी भोग आरती असते, सव्वाअकरा ते बारा वीस, आणि रांग थांबते. सकाळी सातला गायघाट धरलात तर दहापर्यंत मणिकर्णिका होते आणि आरतीआधी दर्शन मिळायला वाव राहतो. सोमवार टाळा.

मंदिरात गेल्यावर कळस बघालच, सोनं महाराजा रणजितसिंगांचं. त्याखालची दगडी वास्तू अहिल्याबाईंची, १७८०ची.

ललिता घाटावर गंगाद्वाराच्या शेजारीच नेपाळी मंदिर आहे, लाकडी कोरीव कामाचं. शिरण्यापूर्वी तिथे दहा मिनिटं काढा, कारण दर्शनानंतर पाय परत खाली उतरायला तयार होत नाहीत.